बंगालचा गुलाब

आजचा भाग मी टॉलीगंजमधल्या आमच्या गच्चीवरून सुरू करते, कारण आजचा प्रश्न याच गच्चीवर, एका बारा इंची कुंडीत उगवला.

माझं माहेर नाशिकचं. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत, हे आम्हाला शाळेत अभिमानाने सांगायचे. त्यामुळे यांची बदली कोलकात्याला झाली आणि घराला गच्ची आहे असं कळलं, तेव्हा पहिला विचार आला तो गुलाबाचा. बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी रोपांचा आणि पशुपक्ष्यांचा बाजार भरतो. तिथून मी 'पीस' नावाचं हायब्रिड टी गुलाबाचं कलम आणलं. पिवळी फुलं, पाकळ्यांच्या कडेला गुलाबी झाक. पहिल्या हिवाळ्यात त्याने सात फुलं दिली. मग आला इथला पावसाळा. मी कुंडीच्या तळाचं भोक साफ केलं नव्हतं, पाणी साचलं, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत गेल्या. पूजेच्या सुमारास झाड मेलं असं समजून मी कुंडी कोपऱ्यात सरकवली.

फेब्रुवारीत बघते तर त्याच कुंडीत हिरवीगार फांदी, आणि तिच्यावर लहान लहान गुलाबी फुलांचा घोस. 'पीस'शी त्यांचं काही साम्य नव्हतं. पण वास! आजीच्या गुलकंदाच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखा. आमच्या गल्लीतल्या चार-पाच गच्च्यांची झाडं बघायला एक वयस्कर माळी येतात. मूळचे ओडिशाचे. सगळे त्यांना मालीदा म्हणतात. त्यांनी फूल न तोडता नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "बौदी, ए तो एडवर्ड."

म्हणजे वरचं विलायती झाड मेलं होतं, आणि ज्या खुंटावर त्याचा डोळा भरला होता तो खुंट जगला होता. मी आपली खूश की चला, विलायती गेलं, गावठी राहिलं. पण मग नाव एडवर्ड कसं? मला वाटलं, सातवा एडवर्ड राजा असणार. ते चूक निघालं. आणि 'वरचं विलायती, खालचं गावठी' हा माझा हिशेबसुद्धा चूक निघाला. तो कसा, हेच आज सांगायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'गुलाब' हा शब्द फारसी. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. मुळात हे नाव गुलाबपाण्याचं. आपल्याकडे पाण्याचं नाव फुलालाच लागलं. मराठीत गुलाब, बंगालीत गोलाप. इराणकडून जो गुलाब आपल्याकडे रुळला, तो अत्तराचा आणि गुलकंदाचा, म्हणजे दमास्क जातीचा. हजारो मैल पश्चिमेला युरोपातही याच घराण्यातले गुलाब होते. त्यांना वास होता, औषधी उपयोग होता, पण एक मोठी अडचण होती. ते वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलायचे. दमास्कचा एक प्रकार शरद ऋतूत पुन्हा थोडी फुलं द्यायचा, एवढाच काय तो अपवाद. बाकी अकरा महिने नुसते काटे.

आज आपण 'गुलाब' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर आणतो, ते लांब दांड्यावरचं एकच मोठं फूल, मध्ये उंच निमुळती कळी, आणि एक बहर संपला की दीड-दोन महिन्यांत दुसरा. हे सगळं हायब्रिड टीचं लक्षण. नेहरूंच्या शेरवानीवरचा, लग्नातल्या गुच्छातला, हळदीकुंकवाला हातात मिळणारा गुलाब बहुतेक याच घराण्यातला किंवा त्याच्या जवळचा. मग हे पुन्हापुन्हा फुलणं आलं कुठून?

ते आलं चीनमधून. चिनी माळ्यांनी शेकडो वर्षं गुलाब निवडून निवडून असे प्रकार तयार केले होते जे जवळजवळ बारमाही फुलतात. यामागचं कारण आता कळलं आहे. गुलाबात एक जनुक असतं, ते फुलण्यावर ब्रेक लावायचं काम करतं. या चिनी गुलाबांमध्ये त्या जनुकात एक परका तुकडा घुसला आणि ब्रेक निकामी झाला. झाड थांबायचं विसरलं. २०१२ साली संशोधकांनी हे दाखवून दिलं. पण ज्या माळ्याने पहिल्यांदा आपल्या अंगणात असं न थांबणारं झाड पाहिलं आणि ते जपलं, त्याला जनुक माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने फक्त नीट पाहिलं होतं.

अठराव्या शतकाच्या शेवटी हे गुलाब युरोपात पोचले. गुलाबांच्या इतिहासात चार झाडांची नावं नेहमी एकत्र घेतात. १७९२च्या सुमाराचा स्लेटरचा किरमिजी गुलाब, १७९३चा पार्सन्सचा गुलाबी, १८०९चा ह्यूमचा फिका गुलाबी आणि १८२४चा पार्क्सचा पिवळा. पहिले दोन चायना रोझ, पुढचे दोन टी रोझ. आजच्या जवळपास प्रत्येक बागेतल्या गुलाबात या मंडळींचं रक्त आहे.

आता यातली गंमत बघा. चौघेही चीनचे, आणि चौघांचीही प्रचलित नावं इंग्रजांची. गिल्बर्ट स्लेटर हा लंडनजवळ राहणारा, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धंद्यातला माणूस. सर अब्राहम ह्यूम हे जहागीरदार. बहुतेकांना नाव मिळालं ते ज्याच्या बागेत झाड इंग्लंडमध्ये पहिल्यांदा फुललं त्याचं.

पण फ्रान्स-जर्मनीत मात्र या चायना गुलाबांना दुसरंच नाव पडलं: बंगाल रोझ, बंगालचा गुलाब. का? कारण तो कलकत्त्याच्या वाटेने आला. कॅन्टनहून लंडनला जायला जहाजाला तेव्हा सहा-सहा महिने लागत. डेकवरच्या कुंड्यांवर खारे तुषार उडायचे, गोडं पाणी तर माणसांनाच मोजून मिळायचं. काचेच्या बंद पेटीतून रोपं नेण्याची युक्ती निघायला अजून तीस-चाळीस वर्षं होती. अशा वेळी वाटेत झाडांनी दम घ्यावा, अशी एखादी जागा लागायची. हुगळीच्या पश्चिम काठावर शिबपूरला कर्नल रॉबर्ट किडने १७८७ साली कंपनीची बाग सुरू केली होती. आजचं आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यान, तो प्रचंड वड जिथे आहे तेच. स्लेटरचा किरमिजी गुलाब कलकत्त्याहूनच कंपनीच्या जहाजातून गेला असं सांगतात. सगळेच काही इकडून गेले नाहीत. ह्यूमचा आणि पार्क्सचा कॅन्टनहून थेट गेला. पण युरोपातल्या लोकांनी बंदराचं नाव झाडाला देऊन टाकलं. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. लिनियसने १७५३ साली यातल्या एका गुलाबाला 'रोझा इंडिका', म्हणजे हिंदुस्थानचा गुलाब म्हटलं. पुढे जॅकिनने १७६८ साली 'रोझा चायनेन्सिस' असं बरोबर नाव दिलं. तरी आपल्या नर्सऱ्यांमध्ये एका खुंटाला अजूनही 'इंडिका' म्हणतात.

म्हणजे चीनचं झाड, बंगालचं नाव आणि इंग्रजाची मालकी. इथवर आलं की मला हुगळीच्या काठाने थोडं वर जावंसं वाटतं, कारण तिथे आपली मराठी भेटते.

कोलकात्याच्या उत्तरेला नदीच्या पलीकडच्या काठावर श्रीरामपूर आहे. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळी जिल्ह्यातलं. तेव्हा हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८०० साली विल्यम कॅरी नावाचा इंग्रज मिशनरी तिथे राहायला आला. हा मूळचा चांभारकाम करणारा, शाळा फारशी न शिकलेला, पण दोन वेडं असलेला माणूस. एक भाषांचं आणि दुसरं झाडांचं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृत शिकवायचा, पुढे मराठीही शिकवू लागला. १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण इंग्रजीत लिहून श्रीरामपुरात छापलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते, आणि मोडीचे खिळे श्रीरामपुरातच तयार झाले होते. मराठी पुस्तकं पुण्यामुंबईच्या आधी इथे, हुगळीच्या काठावर छापली जाऊ लागली, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं. मलाही इथे येईपर्यंत नव्हतं.

या कामात कॅरीला मदत करणारे पंडित वैजनाथ शर्मा. त्यांचं नाव कॅरीने नोंदवलं, म्हणून आपल्याला ते आज माहीत आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यात अक्षरं कोरण्याची परंपरा उभी करणाऱ्या पंचानन कर्मकारांचं नावही राहिलं. पुस्तकाच्या बाजूला निदान दोन देशी नावं टिकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कॅरीने घरामागे काही एकरांची बाग केली होती. शिबपूरच्या बागेचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग त्याचा मित्र. रॉक्सबर्ग आजारी होऊन विलायतेला गेल्यावर १८१४ साली कॅरीने त्याच्या बागेची यादी 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या नावाने श्रीरामपुरात छापली. सुमारे साडेतीन हजार झाडांची ही यादी आहे. झाडाचं शास्त्रीय नाव, देशी नाव, मूळ ठिकाण, बागेत कुणी आणलं, केव्हा आणलं, फुलतं कधी, फळतं कधी, असे तिचे रकाने. इतकी शिस्तीची यादी आजही फार बागांकडे नसेल. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या 'कुणी आणलं' या रकान्यावर थांबले. आणणाऱ्याला रकाना आहे. जगवणाऱ्याला नाही.

म्हणजे बघा, सहा महिन्यांच्या प्रवासात अर्धमेलं झालेलं झाड शिबपूरच्या घाटावर उतरतं. त्याला सावलीत कोण ठेवतं? मुळं कुजली आहेत की नाही हे कोण पाहतं? किती पाणी घालायचं, कधी उन्हात काढायचं, हे कुणाच्या हाताला कळतं? हे काम साहेबाच्या देखरेखीखाली माळी करत. त्यांच्यासाठी त्या छापील यादीत जागाच नव्हती.

कॅरी मात्र माळ्यांच्या बरोबरीने मातीत हात घालणारा होता. त्याची एक आठवण सांगतात. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तिच्यात उरलेली माती त्याने बागेतल्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या कुरणात उगवणारं साधं डेझीचं फूल आलं. तीस वर्षं मायदेश न पाहिलेल्या माणसाला त्या फुलाचा काय आनंद झाला असेल! १८२३ साली दामोदर नदीला पूर आला आणि ही बाग वाहून गेली. त्याने ती पुन्हा लावली. शेवटच्या आजारात चालता येईना, तेव्हा त्याचा मुख्य माळी रोज खोलीत येऊन झाडांची खबर सांगायचा. एक दिवस कॅरी खिन्न होऊन म्हणाला की मी गेल्यावर मार्शमनसाहेब माझ्या बागेत गाई सोडतील. सहकारी मार्शमनने त्याला शब्द दिला की बाग राखू. १८३४ साली कॅरी गेला.

पण त्याआधी, १८२० साली, त्याने कलकत्त्यात एक संस्था सुरू केली: अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया. ती आजही अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जवळ आहे. तिथलं हिवाळ्यातलं पुष्पप्रदर्शन हा कोलकात्याच्या थंडीचा एक सोहळाच असतो. पुणेकरांना हे ओळखीचं वाटेल. एम्प्रेस गार्डन चालवणारी संस्था म्हणजे अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया; तिची स्थापना १८३०ची. तिथलं जानेवारीतलं प्रदर्शन बघायला गेलेले असाल, तर कॅरीच्या कल्पनेची पश्चिमेकडची बहीण तुम्ही पाहिली आहे. आपल्या भाषेचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण आणि आपल्या गच्चीपर्यंत आलेली ही बागेची हौस, दोन्हींच्या मागे एकच माणूस निघतो.

आता त्या एडवर्डकडे वळू.

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला एक लहान फ्रेंच बेट आहे, रीयुनियन. तेव्हा त्याचं नाव बूर्बाँ. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचं कुंपण करत. एक ओळ चायना गुलाबाची, म्हणजे तोच तो 'बंगाल'चा, आणि एक ओळ दमास्कची. दोघांचा आपसूक संकर झाला. १८१७च्या सुमारास तिथल्या बागेचा प्रमुख ब्रेआँ याचं लक्ष एका निराळ्या रोपाकडे गेलं. ते एदुआर पेरिशाँ नावाच्या माणसाच्या जमिनीत होतं, असं सांगतात. म्हणून 'रोझ एदुआर'. एदुआरचं इंग्रजीत एडवर्ड झालं, आणि हिंदुस्थानात तेच नाव राहिलं. राजाचा काही संबंध नाही!

म्हणजे माझ्या कुंडीतला 'गावठी' खुंट आईकडून चीनचा, बापाकडून पश्चिम आशियाचा, जन्माने हिंदी महासागरातल्या बेटावरचा आणि नावाने फ्रेंच. अर्थात आई कोण, बाप कोण, हे कुंपणातल्या मधमाश्यांनाच माहीत. पण गुलकंदाचा वास कुठून आला ते कळलं आणि पुन्हापुन्हा फुलणं कुठून आलं तेही कळलं. दोन्ही एकाच झाडात. दक्षिणेत वासाच्या सुट्या फुलांसाठी हा एडवर्ड अजून लावतात आणि खुंट म्हणूनही वापरतात.

याच एडवर्डची बी फ्रान्सला गेली आणि तिथे बूर्बाँ गुलाबांचं घराणं सुरू झालं. त्यातून पुढची घराणी निघाली. तिकडे ह्यूमचा आणि पार्क्सचा टी रोझ होताच. ह्यूमचा गुलाब तर युद्ध चालू असताना दोन्ही बाजूंचे परवाने काढून नेपोलियनच्या जोसेफिन राणीच्या बागेत पोचवला, अशी कथा आहे. आता 'टी' म्हणजे चहा का? काही म्हणतात, फुलाला ताज्या चहापत्तीच्या पेटीसारखा वास येतो म्हणून. काही म्हणतात, चहाच्या जहाजांतून आला म्हणून. या टी गुलाबांची फुलं देखणी, पण झाडं नाजूक, थंडी न सोसणारी. युरोपातली घराणी काटक. दोघांचा मेळ घातला की हायब्रिड टी.

१८६७ साली फ्रान्समध्ये ल्यों शहरातल्या ज्याँ-बाप्तीस्त गियो याच्या रोपवाटिकेत एक फिक्या गुलाबी फुलाचं झाड निघालं. त्याला नाव मिळालं 'ला फ्रान्स'. त्याला पहिला हायब्रिड टी मानतात, आणि त्याआधीचे ते जुने गुलाब आणि नंतरचे ते आधुनिक, अशी सीमारेषाही बहुतेक तिथेच आखतात. त्याचे आईबाप नक्की कोण, हे खुद्द गियोलाही ठाऊक नव्हतं. ज्या फुलाचं नाव एका देशाचं, त्याच्या अंगात चीनच्या माळ्यांची शेकडो वर्षांची मेहनत होती.

माझा 'पीस'ही त्याच वंशातला. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयांने तो तयार केला. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या बेतात असताना त्याच्या डोळ्यांच्या काड्या फ्रान्सबाहेर पाठवल्या, आणि १९४५ साली अमेरिकेत त्याला 'पीस', म्हणजे शांतता हे नाव मिळालं.

आता पुन्हा गच्चीवर या. मरण पावलेला 'पीस' आणि जगलेला एडवर्ड हे परके नव्हतेच. दोघांच्याही अंगात तो बंगालचा गुलाब होता. एक दूरच्या वाटेने शिकूनसवरून आलेला नातू, आणि दुसरा जवळच राहिलेला आजोबांचा भाऊ. डोळा भरताना माळी दोघांना एकत्र बांधतो, तेव्हा तो नकळत एका घरातल्या दोन पिढ्या बांधत असतो.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी मालीदांकडून रीतसर शिकले. तुम्हालाही सांगते, कारण इतिहास ऐकून झाड जगत नाही.

कुंडी बारा इंची तरी हवी, तळाच्या भोकावर खापराचे तुकडे आणि त्यावर जाड वाळू. इथली गंगेकाठची माती चिकट, म्हणून तिच्यात शेणखत आणि वाळू सढळ हाताने. डोळा जिथे भरला आहे ती गाठ मातीच्या वर राहायला हवी. दिवसाचं सहा तास ऊन हवं. दुर्गापूजा आटोपली, पाऊस पूर्ण थांबला, की ऑक्टोबरच्या शेवटी छाटणी. महाराष्ट्रातही आपण पाऊस संपल्यावरच छाटतो. मेलेल्या आणि एकमेकींत घुसणाऱ्या फांद्या काढायच्या, चांगल्या तीन-चार ठेवून त्या गाठीपासून साधारण फूट-दीड फुटावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरक्या छाटायच्या. मग मोहरीची पेंड पाण्यात आठवडाभर कुजवून, भरपूर पाणी मिसळून पातळ करून घालायची. वासाने शेजारी बोलतील, पण इथे कुणी बोलत नाही, सगळ्यांच्याच गच्चीवर तो डबा असतो. छाटणीपासून सहा-सात आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर फूल. उन्हाळ्यातही फुलं येतात, पण लहान आणि एका दिवसात माना टाकणारी. थंडीच्या देशात उन्हाळ्यासाठी घडवलेलं हे झाड बंगालमध्ये हिवाळ्याचं झालं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाठीच्या खालून निघणारा प्रत्येक फुटवा खुंटाचा. तो मुळापासून ओढून काढायचा, नाहीतर खुंट वरच्याला उपाशी मारतो. लोक पानांची संख्या मोजायला सांगतात, त्यावर विसंबू नका. माती उकरून फुटवा कुठून निघाला ते बघा.

ही झाडं आता आपल्याकडे नुसती येऊन राहिली नाहीत, इथे नवी घडलीही. गव्हावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बी. पी. पाल, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, हे गुलाबांचेही मोठे जाणकार. त्यांचं 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक १९६६चं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून मृणालिनी, रक्तगंधा, भीम अशा नावांचे गुलाब निघाले. नाव घेताना जीभ अडखळत नाही, हाही एक आनंद.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती शेवटची गोष्ट. बंगालचा गुलाब म्हणून जगभर गेला तो चीनचा. मग बंगालचा स्वतःचा गुलाब आहे की नाही? आहे. त्याचं शास्त्रीय नाव 'रोझा क्लायनोफायला'. पांढरं, एकेरी पाकळ्यांचं साधं फूल. तो नदीनाल्यांच्या काठी, दलदलीत उगवतो आणि पुराच्या पाण्यात दिवसचे दिवस उभा राहतो. ज्या पावसाने माझा 'पीस' मारला, तो पाऊस याचं घर. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. कोडाईकनालला राहणाऱ्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने पाहिलं. उष्ण, दमट हवेत टिकणारे गुलाब घडवण्यासाठी त्यांनी हा बंगाली गुलाब आणि ईशान्येकडच्या डोंगरातला 'रोझा जायजँटिया' संकरासाठी वापरला.

त्यांनी घडवलेल्या एका पिवळ्या गुलाबाला त्यांनी नाव दिलं, 'ई. के. जानकी अम्माल'. केरळात तलश्शेरीला १८९७ साली जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या काळी अमेरिकेत जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, इंग्लंडमध्ये संशोधन केलं. १९५०च्या दशकात नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवायला त्या याच शहरात, कलकत्त्यात आल्या होत्या. ड्यूक, राण्या आणि सरदारांच्या पत्नींची नावं मिरवणाऱ्या गुलाबांच्या यादीत आता हे नाव आहे. 'कुणी आणलं' या रकान्याशेजारी 'कुणी जाणलं' असा एक रकाना उघडला, असं मला वाटतं. 'कुणी जगवलं' हा अजून रिकामाच आहे.

माझ्या एडवर्डच्या फुटव्यावर मालीदांनी गेल्या थंडीत नवा डोळा भरला. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, तिच्यात डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. सगळं दोन मिनिटांत. डोळा त्यांनीच आणलेला, 'पीस'चाच. तीन आठवड्यांनी तो हिरवा होता. एडवर्डची एक काडी मी वेगळ्या कुंडीत लावली आहे, तीही लागली.

हा भाग तयार करताना मी त्यांना विचारलं, "मालीदा, तुमचं नाव घेऊ का?" ते हसले. म्हणाले, "नाव राहू द्या बौदी. गाठ मातीच्या वर ठेवायला सांगा, लोक ती पुरून टाकतात."

तर मंडळी, गाठ मातीच्या वर ठेवा. आणि तुमच्या कुंडीत कधी वरचं झाड मेलं आणि खालून भलतंच काही फुललं, तर उपटून टाकण्याआधी एकदा वास घेऊन बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.